रोजीनं की गुत्त्यानं

ललिताबाईचा डावा गुडघा नवा बसला आणि त्या दिवसापासून भैयाजीचं घर एकाएकी जुनं झालं.

घर तेच होतं. विटांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, खाली शेणानं सारवलेली माती. पण नागपुरात ऑपरेशन झाल्यावर आईला आपल्या घरी शहापूरला घेऊन गेलेल्या डिंपलचा, म्हणजे भैयाजीच्या मुलीचा, फोन आला.

"बाबा, डॉक्टर म्हन्ते, वॉकरचे चारही पाय एका टायमाले जमिनीवर टेकले पाहिजे. आपल्या घरी तीनच टेकतीन. चौथा उंदराच्या भोकात जाईन."

"भोक मी बुजवलं."

"ते एक बुजवलं. पोचे किती आहेत? आन आई पडली नाही पाहिजे, बाबा. पडली तर पुन्हा कापा लागन, आन दुसऱ्या खेपेले काही भरोसा नाही म्हन्ते. खाली टाइल बसवा. पुढच्या इतवारी आमी तिले घेऊन येऊन राहिलो."

मंगळवार होता. मधे अकरा दिवस.

भैयाजीनं फोन ठेवला आणि जमिनीकडे पाहिलं. ही जमीन ललिताबाईनं दर आठवड्याला उकिडवं बसून सारवली होती, आणि गुडघा त्यातच गेला असं शेजारच्या यादोरावचं म्हणणं होतं. यादोरावची म्हणणी भरपूर असत आणि ती फुकट असत, त्यामुळे भैयाजी ती ऐकून घेई.

भैयाजीचं वय बासष्ट. सानगडीच्या तलावाखाली तीन एकर धान. चिखल करून, चारी बाजूंनी मातीचे धुरे असलेली धानाची बांधी सपाट करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्याच्या बांधीत पाणी सोडलं की या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सारखं दोन बोटं उभं राही. लोक पाहायला येत असं नाही, पण आले असते तर दिसलं असतं. त्याला कामाचे भावही तोंडपाठ होते. रोवण्याच्या बाईची रोजी, ट्रॅक्टरचा तास, मळणीचा पोत्यामागचा दर. कोण किती घेईल आणि त्यातून किती काम देईल, हे तो माणूस बांधीत उतरायच्या आधी पायांवरून सांगे. टाइलवाल्याचे पाय मात्र त्यानं कधी पाहिले नव्हते.

पहिला टाइलवाला कैलाश. तो मोटारसायकलवर आला आणि उतरलाच नाही. गाडी चालू ठेवून त्यानं दारातून आत नजर टाकली.

"चौदा रुपये फूट."

"आत तर या."

"आत कायले? दिसून राहिलं ना इथून."

भैयाजीला भाव आवडला. भाव आवडला की त्याला भीती वाटे. त्यानं विचारलं, "पट्टी याच्यातच ना? भिंतीच्या बुडाची?"

"पट्टी अलग. लांबीच्या फुटाले बारा रुपये."

"आन जोड भरनं?"

"थे अलग. दोन रुपये."

"टाइल उचलून आत नेनं?"

कैलाशनं गाडीचा कान पिळला. "काका, टाइल आत नेल्याबिगर मी बसवू कशी?"

दोन खोल्या आणि न्हाणीपर्यंतचा बोळ मिळून तीनशे वीस फूट. भैयाजीनं कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला. चौदाचा भाव गाडीवरून उतरून घरात येईपर्यंत वीसच्या वर गेला होता. कैलाश स्वतः मात्र अजून गाडीवरच होता.

कैलाशनं याआधी यादोरावच्या घरी काम केलं होतं. संध्याकाळी भैयाजी तिथं गेला. सोबत पाण्यानं भरलेला गडवा होता.

"पानी कायले आनलं? आमच्या घरी पानी नाही काय?" यादोरावनं विचारलं.

खोलीच्या मधोमध उभं राहून भैयाजीनं गडवा हळूच पालथा केला. पाणी क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं. मग भिंतीकडे निघालं, दिवाणाखाली शिरलं आणि पलीकडून यादोरावच्या जोड्यांत गेलं.

"पाहिलं?" भैयाजी म्हणाला.

"माह्ये जोडे भिजले, थे पाहिलं."

दुसरा टाइलवाला आसगावचा इश्वर. फोनवर त्यानं बावीस रुपये सांगितले, पट्टी आणि जोड धरून. कैलाशपेक्षा सगळे मिळून सहाशे जास्त. सहाशे रुपयांत काय जास्त मिळणार हे पाहायला भैयाजी गुरुवारी बसनं आसगावला गेला. इश्वरनं जिथं काम केलं होतं त्या घरची बाई अनोळखी होती, पण भली होती. पाहुणा टाइल पाहायला आला म्हणून तिनं चहा ठेवला. ती आत वळली तशी भैयाजीनं पिशवीतून गडवा काढला.

बाई चहा घेऊन आली तेव्हा खोलीत पाणी होतं आणि पाहुणा त्यात ओणवा होऊन बोट बुडवून पाहत होता.

"पडलं काय जी?"

"नाही, मी टाकलं."

बाईनं चहा दिला, पोतेरं आणलं आणि तो चहा पिईपर्यंत पुसत राहिली. पाणी सगळं दाराकडे गेलं होतं, एकाच दिशेनं, रांगेत शाळेतून सुटल्यासारखं. म्हणजे जमीन दाराकडे उतरती होती. भैयाजीला हे पटलं नाही. पण निदान माणूस हेतूनं वाकडं काम करत होता, चुकून नाही. परतीच्या बसमधून त्यानं इश्वरला फोन करून होकार दिला. रिकामा गडवा त्याच्या मांडीवर होता आणि शेजारच्या माणसानं सरकून बसण्यात बराच उत्साह दाखवला.

शुक्रवारी साकोलीहून टाइल आली. दोन फूट बाय दोन, खडबडीत, न घसरणारी. दुकानदारानं चकचकीत दाखवली होती. भैयाजीनं चप्पल काढून, पाय ओला करून तिच्यावर उभं राहून पाहिलं होतं आणि दुकानदाराच्या पोरीला त्याला हाताला धरून सावरावं लागलं होतं.

शनिवारी सकाळी इश्वर आला. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. त्याच्यासोबत मसाला कालवायला एक म्हातारा होता, धोतरातला, भैयाजीपेक्षाही पाच-सहा वर्षांनी मोठा.

"हे कोन?"

"हे मामाजी. गोमाजी. माह्ये सासरे."

भैयाजीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सासऱ्याले कामावर आनलं?"

"पोट्टे सारे हैदराबादले गेले जी," गोमाजी स्वतःच म्हणाला. "आन पोरीच्या घरी बसून जवायाचं खानं बरं दिसत नाही."

काम सुरू व्हायच्या आधी भैयाजीनं इश्वरला बाजूला घेतलं. रात्री जेवताना त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. बावीसच्या भावानं सात हजार चाळीस होतात. काम चार दिवसांचं. म्हणजे दिवसाला सतराशे साठ. धान लावणारी बाई दिवसभर चिखलात वाकून तीनशे घेते.

"असं करू," तो म्हणाला. "फुटाचा गुत्ता नको. रोजीनं करू. तुमाले नऊशे, मामाजीले पाचशे."

इश्वरनं डोक्याला रुमाल बांधला. "चालन."

इतक्या लवकर 'चालन' म्हटल्यावर भैयाजीला पुन्हा हिशेब करावासा वाटला. पण शब्द गेला होता.

त्या दिवशी इश्वरनं सहा टाइल बसवल्या.

आळस केला असं म्हणायला जागा नव्हती. दहा वाजेपर्यंत त्यानं दोरी बांधली. बारापर्यंत पाण्याच्या नळीनं चारही कोपऱ्यांची लेव्हल घेतली. ही नळी भैयाजीला फार आवडली, कारण तीत पाणी होतं आणि पाणी खोटं बोलत नाही. नळीचं एक टोक त्यानं स्वतःच धरलं. तिथंच भांडण झालं.

"काका, दाराकडे थोडा ढाळ देतो. दहा फुटाले अर्धा इंच."

"ढाळ नाही पाहिजे."

"धुतलं तर पानी कसं निघन?"

"बांधीले ढाळ असला तर वरचा धान वाळते आन खालचा सडते. मले सपाट पाहिजे."

इश्वरनं नळी खाली केली. "घरात धान लावता काय?"

"माही बायको चालनार आहे याच्यावर. चार पायाचं वॉकर घेऊन. उतारावर गाडं सुटते तशी सुटली म्हंजे?"

"अर्ध्या इंचानं?"

"तिचा गुडघा नवा आहे. त्याले सवय नाही कोनत्याच गोष्टीची."

गोमाजी घमेल्याजवळ उकिडवा बसून ऐकत होता. "जवाई," तो म्हणाला, "खोल्या सपाट ठेवा. ढाळ फक्त न्हानीच्या बोळात द्या. बाईमानूस काही झालं तरी खोलीत पोहनार नाही."

तसं ठरलं. पण ठरेपर्यंत जेवायची वेळ झाली, आणि रोजीवर असल्यामुळे ते भांडणही भैयाजीच्याच पैशानं झालं.

शिवाय सासरा-जावयाचा प्रश्न होता. दुसरा मिस्त्री "ए, मसाला आन" म्हणून मोकळा झाला असता. इश्वरला तशी सोय नव्हती.

"मामाजी, दमले नसान तर अर्धं घमेलं लागलं असतं."

"आनतो ना जी. पातळ चालन का घट्ट?"

"तुमाले बरं वाटन तसं."

"तुमी सांगा ना जवाई."

"थोडा घट्ट असता तर बरं होतं. पन राहू द्या, तुमी चहा घ्या पहिले."

अशा प्रत्येक घमेल्याला पाच मिनिटं लागत होती. दारात पोत्यावर बसलेला भैयाजी ही इज्जत मिनिटाच्या हिशेबानं मोजत होता.

संध्याकाळी तो यादोरावकडे गेला. "सहा बसल्या. ऐंशी बसवायच्या आहेत."

यादोरावनं बोटं मोजली. "तेरा-चौदा दिवस. चौदा गुनिले चौदाशे..." तो थांबला, कारण पुढचं त्याला येत नव्हतं आणि भैयाजीला येत होतं. "आन वहिनी येते आठव्या दिवशी. अर्ध्या घरापरेंत चालन मंग. तिथून उचलून न्या."

रविवारी सकाळी भैयाजी दारात उभा राहिला. "रोजी नको. गुत्त्यानंच करा. बावीस."

"चालन," इश्वर म्हणाला.

त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चौतीस टाइल बसल्या. सासरा-जावई तेच होते, अदबही तीच होती, फक्त आता ती धावता धावता होत होती. बाहेर ऊन असं होतं की कवेलूवरचा कावळा पाय बदलत होता. आत रबरी हातोडा टपटप वाजत होता, इश्वरच्या नाकावरचा घाम टाइलवर पडत होता आणि तो कोपरानं पुसत होता. दिवसभर गुडघ्यांवर. भैयाजीचं लक्ष त्या गुडघ्यांकडे गेलं आणि त्यानं ते काढून घेतलं.

त्याला आता वेगळीच भीती लागली होती. एवढ्या झपाट्यानं केलेलं काम पोकळ असणार. गुत्त्यानं लावलेला रोवणा कसा असतो ते त्याला माहीत होतं. पावसाचा एक झटका आला की रोप तरंगायला लागतं. त्यानं खिशातून रुपया काढला आणि कालच्या टाइल वाजवून पाहायला लागला. मग आजच्या.

"हे पोकळ आहे."

"आज बसवली जी. ओली आहे. उद्या वाजवा."

"कालची ठन वाजते. हे ढब वाजते. काढा."

"काका..."

"माहे पैसे आहेत. काढा."

इश्वरनं थापी घातली आणि टाइल उचलली. खाली मसाला काठोकाठ होता, टाइलच्या पाठीची नक्षी त्यात जशीच्या तशी उमटलेली. तिघंही त्या नक्षीकडे पाहत राहिले.

"आता हे बाजूवालं," भैयाजी म्हणाला.

अशा तीन काढल्या. तिसरीचा कोपरा तुटला. इश्वरनं तुकडा बाजूला ठेवला, नवीन टाइल घेतली आणि एक शब्द न बोलता बसवली. भैयाजीला वाटलं, हा भांडला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी उरलेल्या टाइल झाल्या, भिंतीच्या कडेच्या कापायच्यासुद्धा. पट्टीही झाली. मंगळवारी जोड भरायचे होते. त्यासाठी भैयाजीनं जोडात भरायच्या पावडरीची सहा पाकिटं आणली होती. सकाळी दारातल्या पोत्यावर बसून त्यानं मोजली. पाच.

त्यानं पुन्हा मोजली. मग मिस्त्रीकडे पाहिलं. मग खुंटीला टांगलेल्या त्यांच्या पिशवीकडे.

"सहा होते."

"पाचच लागतीन," इश्वर म्हणाला. "तीनशे वीस फुटाले पाच पुरे होते."

"लागतीन किती ते नाही म्हनत मी. होते किती ते म्हनून राहिलो." भैयाजीचा आवाज त्याला स्वतःलाच उंच वाटला. "थे पिशवी दाखवा."

हातोडा थांबला. इश्वर गुडघ्यांवरून उठला नाही. तो सासऱ्याकडे पाहत होता.

गोमाजीच उठला. त्यानं हात धोतराला पुसले, पिशवी खुंटीवरून काढली आणि भैयाजीसमोर एकेक वस्तू मांडली. भाताचा डबा. फडक्यात कांदा आणि मिरच्या. कमरेला चोळायची मलमाची ट्यूब, शेवटापर्यंत वळत आणलेली. दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मग पिशवी उलटी करून झटकली. थोडी तंबाखू पडली.

"पाहून घ्या जी," तो म्हणाला. "डबाबी उघडू काय?"

"नाही नाही," भैयाजी म्हणाला आणि उठला. उठला तसं त्याच्या खालच्या पोत्याच्या घडीतून सहावं पाकीट बाहेर आलं. चार दिवस जिथं तो बसत होता तिथंच, त्याच्या बुडाचा आकार घेतलेलं.

"मले वाटलंच," तो म्हणाला. "आज नरम लागून राहिलं होतं."

कोणी हसलं नाही. गोमाजीनं वस्तू ज्या क्रमानं काढल्या होत्या त्याच क्रमानं आत ठेवल्या. त्या दिवशी त्यानं भैयाजीच्या घरचा चहा घेतला नाही. पोटात गॅस होते म्हणाला. इश्वरलाही गॅस झाला.

दुपारपर्यंत काम संपलं. पाणी पुसून काढल्यावर खोली अशी दिसत होती की ती आपली आहे हे भैयाजीला पटेना. तीन दिवस पाय द्यायचा नाही, असं इश्वरनं सांगितलं. भैयाजीनं पाच हजार चाळीस मोजून दिले.

"दोन हजार ठेवले. थे इतवारी देईन."

"काहून?"

"बाई चालन तवा."

इश्वरनं नोटा खिशात घातल्या. "काका, टाइल उखडली तर मी जिम्मेदार. गुडघा उखडला तर? गुडघ्याचा गुत्ता मी नाही घेतला. तो नागपूरवाल्यानं बसवला."

"मले काही मालूम नाही. ती या दारातून खाटेपरेंत गेली का पैसे."

भैयाजीला दोन हजार वाचवायचे नव्हते. त्याला फक्त त्या क्षणी कोणीतरी दुसराही तितकाच घाबरलेला हवा होता. पण हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मिस्त्रीनं त्याचे वेगळे पैसे लावले असते.

"चालन," इश्वर म्हणाला. या वेळी तो शब्द त्यानं असा म्हटला की त्याचा अर्थ काय घ्यावा ते कळेना.

पाच दिवस भैयाजी ओसरीत झोपला, ओसरीत जेवला, चुलीपाशी मागच्या दारानं गेला. तीन दिवसांची मुदत संपल्यावरही त्याचा पाय उचलेना.

रविवारी अकराला डिंपल आईला ऑटोतून घेऊन आली. इश्वर आणि गोमाजी आधीच आले होते. इश्वर आतल्या भिंतीला पाठ लावून उभा, गोमाजी दाराबाहेर. यादोराव बोलावला नव्हता, तरी होता.

ललिताबाई वाळली होती. नेसलेलं पातळ गुडघ्यांच्या वर घेतलेलं, डाव्या गुडघ्यावर लांब लाल वण. तिनं दारात वॉकर टेकवला आणि आत पाहिलं.

"हळू," भैयाजी म्हणाला. "हळू. थांब. हां. आता."

"तुमी गप राहा बाबा," डिंपल म्हणाली.

वॉकर आत आला. चारही रबरी पाय एकदम टेकले, एकच आवाज आला. मग उजवा पाय. मग डावा. पुन्हा वॉकर. भैयाजी मागून हात पसरून उंबऱ्यापर्यंत आला, कोंबडी धरायला निघाल्यासारखा, पण उंबऱ्याच्या आत त्याचा पाय पडत नव्हता. हात तेवढे आत गेले होते. इश्वरचे ओठ हलत होते. तो पावलं मोजत होता की देवाचं नाव घेत होता, कळायला मार्ग नव्हता.

खोलीच्या मधोमध ती थांबली. डावा गुडघा किंचित आत वळला.

कोणी श्वास घेतला नाही.

ललिताबाईनं मान वर केली. आधी इश्वरकडे पाहिलं, मग मागं वळून नवऱ्याकडे. "माहे पाय काय पाहून राहिले? मी काय बाजारात आलेली म्हैस आहो?"

"तसं नाही," भैयाजी म्हणाला. "तू खाटेपरेंत गेली का यांचे दोन हजार द्यायचे आहेत."

"माह्या पायावर पैसे लावले?"

यादोराव म्हणाला, "वहिनी, मी नाही लावले."

तिनं वॉकर पुढं सरकवला, आणि उरलेली पाच पावलं कोणाकडे न पाहता टाकली. खाटेवर बसली. पायाखालच्या टाइलवरून तळवा एकदा पुढे, एकदा मागे फिरवला.

"चांगली आहे," ती इश्वरला म्हणाली. "पाय धरते."

भैयाजीनं एवढा मोठा श्वास सोडला की त्याला खोकला आला. खोकतच त्यानं खिशातून नोटा काढल्या.

"अडीच द्या," ललिताबाई म्हणाली.

"दोनच ठरले."

"दोन कामाचे. पाचशे तुमच्या तोंडाचे."

भैयाजीनं इश्वरकडे पाहिलं. इश्वर भिंतीवरच्या पट्टीकडे पाहत होता. "कोनं सांगतलं तुले? मी काही बोललो नाही कोनाले."

"कोनी कायले सांगा लागते?" तिनं गुडघ्यावर पदर ओढला. "चाळीस वर्सं मीच लावला ना धान तुमच्या बांधीत."

डिंपल पाणी आणायला आत गेली. नळाखाली भांडं बराच वेळ भरत राहिलं.

भैयाजीनं आणखी पाचशेची नोट काढून सगळे पैसे उंबऱ्याबाहेरूनच पुढं केले. इश्वर आला, त्यानं दोन हजार मोजून घेतले आणि पाचशेची नोट भैयाजीच्या हातातच राहू दिली.

"हे माहे नाही. हे मामाजीचे."

गोमाजी तिथं नव्हता. बाई सुखरूप बसली म्हटल्यावर तो मागच्या दाराकडे, बोळातला ढाळ नीट वाहतो का ते पाहायला गेला होता. घराला वळसा घालून जाता आलं असतं. पाच दिवस भैयाजी तसाच जात होता.

ललिताबाई खाटेवरून त्याच्या पायांकडे पाहत होती.

त्यानं चपला काढल्या. उंबरा ओलांडला. जमीन गार होती. नोट हातात धरून, एकेक टाइल पाहत, तो खोलीतून पलीकडे चालत गेला.